शब्द एक, कामं तीन: इंग्रजी मेसेज वाचताना फसू नका!



माझं मत थेट सांगतो. धंद्यासाठी फाडफाड इंग्रजी बोलता आलंच पाहिजे असं काही नाही. पण आलेला इंग्रजी मेसेज नीट वाचता आलाच पाहिजे. कारण पैसा तिथंच अडकतो.

'अ‍ॅडव्हान्स' हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्द. चप्पल लाईन असो, गुजरी असो नाहीतर हुपरीची चांदी, अ‍ॅडव्हान्स म्हणजे आगाऊ रक्कम. आता समजा, बाहेरच्या खरेदीदारानं लिहिलं, 'प्लीज अ‍ॅडव्हान्स द डिलिव्हरी टू टेन्थ मार्च.' इथं पैशाचा विषयच नाही! तो म्हणतोय, तारीख अलीकडं घ्या, माल १० मार्चलाच द्या. तुम्ही रकमेची वाट बघत बसलात की ऑर्डर गेली.

'फिफ्टी पर्सेंट अ‍ॅडव्हान्स'मध्ये हाच शब्द नाम आहे. 'अ‍ॅडव्हान्स पेमेंट'मध्ये विशेषण. आणि वरच्या मेसेजमध्ये क्रियापद. स्पेलिंग तेच!

मराठीत आपण 'ऑर्डर केली', 'ऑर्डरचं पुस्तक' असं म्हणतो. मागं काय जोडलंय त्यावरून काम कळतं. इंग्रजीत बऱ्याचदा शब्द तसाच राहतो, फक्त जागा बदलते. म्हणून जागा बघा:

१. आधी 'द', 'युवर' किंवा आकडा असेल आणि शब्द तिथंच संपत असेल, तर बहुतेक नाम. 'सेंड युवर कोट' म्हणजे दरपत्रक पाठवा.
२. 'प्लीज', 'विल', 'टू' यांच्या लगेच मागं आला, तर बहुतेक क्रियापद. 'प्लीज शिप २०० पेअर्स' म्हणजे २०० जोड रवाना करा. जहाज शोधायला जाऊ नका, कुरिअरनंही चालतं!
३. पुढं दुसरं नाम असेल, तर विशेषणाचं काम. 'स्टॉक रजिस्टर', 'ऑर्डर फॉर्म'.

फोनवर कानही वापरा. 'एक्स्पोर्ट' नाम असेल तर जोर 'एक्स'वर, क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं. माल आपला अस्सल आहेच, व्यवहारही तसाच चोख हवा. म्हणून आधी महागडा स्पीकिंग कोर्स नको. ऑर्डर, स्टॉक, कोट, शिप, होल्ड, रिटर्न, क्रेडिट, अ‍ॅडव्हान्स, एवढे आठ शब्द वहीत लिहा. प्रत्येकाची दोन-दोन वाक्यं करा.

आणि तरीही शंका आली तर? समोरच्याला सरळ विचारा, 'तारीख अलीकडं घ्यायची का?' विचारायला लाजू नका. चुकीचा माल परत आणण्यापेक्षा एक फोन कधीही स्वस्त!