मऊ लाकडाचा मान

दोंडाईचाहून निघून सारंगखेड्याजवळ तापी ओलांडावी आणि शहाद्यावरून सातपुड्याची वाट धरावी. माघ-फाल्गुनात या बाजूला एखादी काटेसावर हटकून दृष्टीस पडते. अंगावर पान नसते. फांद्या मात्र लाल फुलांनी लहडलेल्या असतात. पाहणारा क्षणभर थांबतो. परंतु हे झाड राखावे की तोडावे, असा प्रश्न निघाला की तोच सहज म्हणून जातो, "लाकूड मऊ! काय कामाचे?" सागाला मान आणि सावरीला चूल, हा न्याय बरा नव्हे.

दाराच्या चौकटीस साग आणि गाडीच्या चाकास बाभूळ, ही निवड सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने केली आहे. सावरीची चौकट केली, तर वाळवी आणि बुरशी तिचा लवकरच फडशा पाडतील, हेही खरे. परंतु जे एका कामास निरुपयोगी, ते सर्वच कामांस निरुपयोगी कसे ठरेल?

नावांची गंमतही पाहण्यासारखी आहे. लाकडाच्या शास्त्रात रुंद पानांच्या झाडांचे लाकूड 'कठीण' आणि चीड, देवदार अशा सुईसारख्या पानांच्या झाडांचे लाकूड 'मृदू' मानतात. ही विभागणी हाताच्या स्पर्शावरून केलेली नाही. त्यामुळे चिडाहून मऊ असलेली काटेसावर 'कठीण' वर्गात बसते! नावावरून गुण ठरविणारा येथे हमखास फसतो.

सावरीचे लाकूड हलके असते आणि त्याचे पातळ पापुद्रे सहज निघतात. म्हणूनच आगपेटीच्या काड्या, माल भरण्याची खोकी आणि प्लायवूडचे आतले थर यांसाठी ते उपयोगी पडते. तिच्याच कुळातील दक्षिण अमेरिकेतील बाल्सा तर याहूनही हलका. १९४७ साली थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती बाल्साच्या ओंडक्यांच्या 'कॉन-टिकी' तराफ्यावरून पेरूच्या किनाऱ्याहून निघाले आणि १०१ दिवसांत सुमारे ६,९०० किलोमीटर पॅसिफिक महासागर पार करून गेले.

मऊ लाकूड उपयोगी पडते, तसेच ते शोभाही देते. कोकणातील सावंतवाडीच्या कारागिरांनी पूर्वीपासून खेळण्यांसाठी पांगारा निवडला. हलके आणि मऊ असे हे लाकूड हत्याराला चटकन वश होते. त्यातून कोरलेली आणि रंगविलेली आंबा, केळी, सीताफळ अशी फळे पाहणाऱ्याला खरीच वाटतात. पुढे पांगारा दुर्मीळ झाला आणि कारागिरांना आंब्याच्या लाकडाकडे वळावे लागले. झाडाची किंमत ते हातचे गेल्यावर कळावी, ही काही शहाणपणाची रीत नव्हे.

तेव्हा बांधावरच्या सावरीला कुऱ्हाड लावण्यापूर्वी तिचे काम कोणते, हे विचारावे. घराचा भार तिच्यावर टाकू नये. पण खेळणे, खोके आणि काडी यांचा भार ती आनंदाने उचलील. शिवाय तिच्या बोंडातील मऊ कापूस उशीत जातो आणि तिच्या फुलांतील मधासाठी पाखरांची दाटी होते. ज्याला त्याला त्याच्या योग्यतेचे काम देणे, यातच सुताराचे खरे कौशल्य आहे. माणसांची पारख करतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते.