अमेरिकेत प्राध्यापक कोर्टात गेले. परदेशी निघालेल्या आपल्या मुलांनी हे का वाचावे?

दरवर्षी विहाराच्या वाचनालयात बसून आम्ही परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्सचे गठ्ठे. आता त्यात आणखी एक काम वाढले आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले की, विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याने आपली सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली करावीत. आमच्याकडच्या एका मुलाच्या खात्यावर मोर्चाचे फोटो होते, जातीय अत्याचारांवरच्या पोस्ट होत्या, गाझावरच्याही दोन-तीन होत्या. आम्हीच त्याला म्हणालो, "काढून टाक बाबा." त्याने काढल्या. आम्ही बरोबर केले की चूक, हे अजून आमचे आम्हालाच ठरवता आलेले नाही.

या भीतीचे मूळ २०२५ च्या मार्च महिन्यात आहे. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या रुमेयसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला २५ मार्चला रस्त्यात साध्या वेशातल्या, तोंड झाकलेल्या अधिकाऱ्यांनी धरले आणि दूर लुइझियानातल्या कोठडीत नेले. तिने वर्षभरापूर्वी विद्यापीठाच्या वृत्तपत्रात पॅलेस्टाईनविषयी सहलेखकांसोबत एक लेख लिहिला होता. त्या लेखापलीकडे पुरावाच सरकारने दिला नाही, असे तिला सोडणाऱ्या न्यायाधीशांनी नोंदवले. तोपर्यंत सहा आठवडे गेले होते. त्याच वसंतात देशभरातल्या ४,७०० हून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी संगणकातून रद्द झाल्या, कित्येकांच्या तर वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांवरून. इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय निघाले. ओरड आणि खटले झाल्यावर एप्रिलअखेर सरकारने नोंदी पूर्ववत करायला घेतल्या.

ज्या दिवशी ओझतुर्कला पकडले, त्याच दिवशी बोस्टनच्या फेडरल कोर्टात प्राध्यापकांचा दावा दाखल झाला होता. दावा करणारी मुख्य संघटना अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स, तिच्या हार्वर्ड, रटगर्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठातल्या शाखा, आणि सोबत मध्यपूर्वेच्या अभ्यासकांची एक संघटना. आपल्या वाचकांना या संघटनेची ओळख वेगळ्या वाटेने आहे. ती १९१५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते कोलंबियाचे जॉन ड्युई. बाबासाहेब त्या वर्षी कोलंबियातच होते. १९१३ ते १९१६ हा त्यांचा तिथला काळ. ज्या गुरूंचे ऋण ते आयुष्यभर मानत राहिले, त्यांनी घडवलेली संघटना आज परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारविरुद्ध उभी आहे.

आणि कोलंबिया विद्यापीठ? सरकारने ४० कोटी डॉलरचे अनुदान थांबवल्यावर व्यवस्थापनाने जुलैमध्ये २० कोटींहून अधिक रक्कम भरायचे मान्य करून तडजोड केली. त्या अनुदानासाठीही प्राध्यापकच न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले होते. तो दावा फेटाळला गेला. विद्यापीठ स्वतः वादी का नाही, हा प्रश्न तिथे आडवा आला. पुतळा बसवणारी संस्था आणि विचार चालवणारी माणसे यांतला फरक आपल्याला नवा नाही.

बोस्टनचा खटला जुलैमध्ये नऊ दिवस चालला. सरकारी अधिकाऱ्यांच्या साक्षीतून कळले की, तपासासाठी पाच हजारांहून अधिक नावे पाहिली गेली आणि त्यांतली बहुतेक एका खासगी संकेतस्थळावरून उचललेली होती, जे इस्रायलवर टीका करणाऱ्यांच्या याद्या लावते. ग्रीन कार्ड असलेल्या प्राध्यापिकांनी सांगितले की त्यांनी परदेशातले संशोधनदौरे रद्द केले, लिहायचे टाळले. अटक एकाची होते आणि गप्प शेकडो जण बसतात. गावात एका घरावर बहिष्कार टाकला की उरलेली घरे कशी वागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

३० सप्टेंबर २०२५ ला न्यायाधीश विल्यम यंग यांनी १६१ पानी निकाल दिला. कायदेशीररीत्या राहणाऱ्या परदेशी माणसालाही नागरिकाइतकेच भाषणस्वातंत्र्य आहे आणि सरकारचे धोरण ते चिरडणारे आहे, असा त्याचा आशय. रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले हे न्यायाधीश, म्हणजे कोणी डावे नव्हेत.

टाळ्या वाजवण्याआधी घरातही पाहू. आपल्या संविधानात कलम १४ आणि २१ प्रत्येक व्यक्तीला आहेत. कलम १९ चे भाषणस्वातंत्र्य मात्र नागरिकांना. नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनात दिसला म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास आयआयटीतल्या जर्मन विद्यार्थ्याला देश सोडायला लावले. जादवपूर विद्यापीठातल्या पोलिश विद्यार्थ्याला तशीच नोटीस आली, ती २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द केली. तेव्हा किती प्राध्यापक संघटना कोर्टाची पायरी चढल्या? आम्हाला एकही आठवत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये यंग यांनी निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. त्याचे संरक्षण दावा करणाऱ्या संघटनांच्या सदस्यांपुरते आहे. बाहेर राहिलेल्याला त्याचा थेट आधार नाही. आपली मुले तिथे गेल्यावर खोली, नोकरी, स्वस्त किराणा यांची चौकशी करतात. संघटनेची करत नाहीत. वर्गणीला पैसे लागतात हे खरे, आणि डॉलर रुपयात मोजणाऱ्याला ते टोचतात हेही खरे. तरी यंदापासून आम्ही कागदपत्रांच्या यादीत एक ओळ घातली आहे: विद्यापीठात पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या विद्यार्थी-कामगार युनियनचे किंवा शिक्षक संघटनेचे सदस्य कसे होता येते ते विचारणे आणि स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा नंबर कागदावर लिहून जवळ ठेवणे, कारण फोन काढून घेतला जाऊ शकतो.

त्या मुलाची व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात मुंबईला आहे. परवा त्याने विचारले, "ताई, पोस्ट काढल्या तशी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला फोटोही काढू का?" आम्ही त्याला राहू दे म्हणालो.