पिलांच्या पायाखाली काय पसरावे?
भगिनींनो, मजुरीतून पैसे मागे टाकून घेतलेली पिले चांगला दाणा घालूनही ओलीने दगावतात. रक्ती हगवण ओल्या भुशात जास्त फैलावते. भाताचे तूस उत्तम. पण आपल्या जालन्याकडे भात कुठला? सोयाबीनच्या मळणीला मात्र आपणच जातो. तिथले कोरडे, बुरशी न लागलेले भुस्कट बारीक करून दोन-तीन इंच पसरा. लाकडाचा भुसा आम्ही सुचवणार नाही. बारीक असला तर पिले तोच खातात. सुताराकडचा रंध्याचा जाड भुसा चालेल. पहिले चार दिवस वर जुने वर्तमानपत्र घाला (हेही चालेल!), रोज बदला. गुळगुळीत चित्रांचा कागद नको, पाय फाकतात. पुढे भुस्कट रोज खालीवर करा. मूठ दाबून पाहा : गोळा टिकला की बदला. पाण्याच्या भांड्याखालचे आधी.