हुशार बटन, होशियार घर

कासू, नागोठणे, रोहा या आमच्या पट्ट्यात आता स्मार्ट स्विच येऊ लागले आहेत. कुणाचा मुलगा कुवेत-कतारहून सुट्टीवर येताना आणतो, कुणी ऑनलाइन मागवतो. फजरला अंधारात उठणाऱ्या म्हाताऱ्या आईला वजूसाठी मोरीपर्यंत आपोआप उजेड मिळाला, तर कुणाला नको आहे? माझा या वस्तूला विरोध नाही. आधी पैसा कुठे घालायचा आणि नंतर कुठे, एवढंच माझं म्हणणं आहे.

साधं बटन हे फेजच्या वाटेवरचं दार असतं, ते स्वतः वीज खात नाही. स्मार्ट स्विच हा वाय-फायशी जोडलेला, चोवीस तास जागा राहणारा छोटा संगणक आहे. त्याला स्वतःसाठी २३० व्होल्टचा पुरवठा लागतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही. जुन्या कौलारू घरात, लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये, न्यूट्रल बरेचदा वरच्यावर थेट दिव्याकडे जातो. बोर्डात उतरतात त्या फेजच्या दोन तारा, एक येणारी आणि एक जाणारी. बोर्डावर प्लग असेल तर तिथे न्यूट्रल सापडतो. नुसत्या बटनांच्या बोर्डात बहुधा नाही.

न्यूट्रल न लागणारे स्विचही मिळतात. ते आपल्या पोटापुरता करंट दिव्यातूनच घेतात. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला ते कळतही नाही. ९ वॅटचा एलईडी मात्र बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. दिव्याजवळ छोटा कपॅसिटर जोडला की बहुतेक वेळा हे थांबतं. हा झाला त्रास.

धोका जुगाडात आहे. “न्यूट्रल नाही ना, मग अर्थिंगची तार जोडून देतो,” असं म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. दिवा लागेल, ॲपही चालेल. पण अर्थिंगमधून करंट वाहत राहील, आणि पुढे कधी जमिनीतला जोड गंजून तुटला तर त्याच अर्थिंगवरच्या फ्रिजच्या, पंपाच्या पत्र्यात वीज उतरेल. त्या पत्र्याला ओला हात लागेल तो त्याच आईचा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

“इतकी वर्षं काही झालं नाही,” असं लोक म्हणतात. ती वर्षं दोन दिवे आणि एका पंख्याची होती. आता त्याच तारांवर फ्रिज, मिक्सर, गिझर आहे. वरचं रबर कडक होऊन तडकलंय, कौलातून पाणी झिरपतंय, उंदरांनी आपलं काम केलंय, आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात कुणीतरी जाड तार घातली आहे. काही घरांत तर बटन न्यूट्रलवर बसवलेलं असतं. दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज असतेच.

म्हणून क्रम असा असावा: आधी नीट अर्थिंग, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग जीर्ण तारांची बदली, आणि ती करतानाच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल उतरवून घ्यावा. स्मार्ट स्विच शेवटी. तोवर हौस असेल तर स्मार्ट बल्ब लावा, त्याला बोर्ड उघडावा लागत नाही. आणि स्विच घ्याल तो हाताने दाबूनही चालणारा घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात वीज गेली, मोबाईलचं नेटवर्कही गेलं. वीज परत येते तेव्हा इंटरनेट सोबत येईलच असं नाही.

आणखी एक. वायरमनला आपण बटनामागे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. मग तो बटनच बसवणार, घर कशाला तपासेल? त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी नुसत्या तपासणीसाठी द्या.

मराठीत ‘हुशार’ म्हणजे बुद्धिमान. हाच शब्द उर्दूत ‘होशियार’ आहे आणि तिथे त्याचा ‘सावध’ असाही अर्थ होतो. परदेशातून पैसे पाठवणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, या सुट्टीत बटनांचा डबा आणण्याआधी घरी फोन करून विचारा: आपल्या घराला अर्थिंग आहे का?