टाळ्यांचा पुरावा

पॅरिसमध्ये ३० मे १९२७ रोजी स्ट्राविन्स्कीचा 'ईडिपस रेक्स' प्रथम सादर झाला, तेव्हा प्रेक्षक थंड राहिले, ही नोंद ऑपेराविषयक लेखनात वारंवार येते. नोंदीबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल. प्रेक्षक हलले नाहीत, सबब ग्रीक शोकात्मिका आधुनिक संगीतात निष्प्राण झाली, हा निष्कर्ष समीक्षेचा नव्हे, तिकीटखिडकीचा आहे.

त्या संध्याकाळी प्रेक्षकांपुढे होते तरी काय? पैसा व वेळ अपुरा पडल्याने नेपथ्य, मुखवटे, वेशभूषा यांना फाटा देऊन कृती नुसती गायिली गेली. आणि तीही द्यागिलेव्हच्या बॅले-संचाच्या हंगामात, नृत्य पाहावयास आलेल्यांसमोर. ज्या रंगरूपासाठी ती रचली होती ते त्यांनी पाहिलेच नाही. मग त्यांची प्रतिक्रिया नेमकी कशावरची मानावयाची?

तथापि एवढ्यावर थांबणे म्हणजे कृतीची वकिली करणे होय. थंडपणाचा काही अंश खुद्द रचनेतच आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे. कॉक्तोने सोफोक्लीसवरून सिद्ध केलेली संहिता झां दानिएलूने लॅटिनमध्ये नेली. निवेदक मात्र प्रेक्षकांच्या भाषेत बोलतो आणि घडणार ते आधीच सांगून टाकतो. उत्कंठेला येथे जागाच ठेवलेली नाही. अथेन्सच्या प्रेक्षकालाही कथा ठाऊकच असे. त्याचे भय 'पुढे काय' या प्रश्नातून उपजत नव्हते. आरंभी अलंकृत तानांनी मिरवणारा ईडिपसचा स्वर सत्य उमगताच अगदी साधा, उघडा होतो. शोकात्म अनुभव आहे तो या स्वरांतरात. आणि तो आसवांच्या मापाने कसा मोजणार?

याउसच्या 'अपेक्षा-क्षितिजा'चा हवाला देणाऱ्यांनी तरी हे ध्यानात घ्यावयास हवे होते. त्या संकल्पनेने प्रेक्षकाला न्यायासनावर बसविले नाही, इतिहासात उभे केले. आणि आपल्याकडे ज्यांना याउस परका वाटतो, त्यांनी अभिनवगुप्ताचा 'सहृदय' आठवावा. त्याला काव्यानुशीलनाने घडावे लागते. तिकीट काढल्याने कोणी सहृदय होत नाही.

१९२८ मध्ये क्लेम्पररने बर्लिनच्या क्रोल ऑपेरात ही कृती रंगमंचावर आणली. १९९२ मध्ये जपानमधील मात्सुमोतो येथे ज्यूली टेमरने ती मुखवट्यांसह उभी केली, तेव्हा निवेदन जपानीत झाले, गायन लॅटिनमध्येच राहिले. १९२७ च्या त्या एका रात्रीवरून निर्णय देणाऱ्यांनी तो यांपैकी कोणत्या 'ईडिपस रेक्स'वर दिला, हे आधी सांगावे.