बागेतील तळे आणि पाण्याची वाट

आश्विनातील ऊन तापू लागले की अनेक बागाईतदारांच्या तळ्यातील पाणी हिरवे पडते, काठाशी शेवाळ जमते आणि तळ ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तेव्हा मोरचुदाची पुरचुंडी पाण्यात सोडली जाते. शेवाळ मरते, चार दिवस पाणी नितळ दिसते आणि तळे स्वच्छ झाले असे वाटते. ही स्वच्छता फसवी होय. मेलेले शेवाळ तळाशी बसून कुजते व कुजताना पाण्यातील प्राणवायू संपविते. मग पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. ज्या शेणखतावर व युरियावर ते शेवाळ पोसले गेले, त्यांचा अंश तर तळ्यातच राहतो.

तळे घाण होते ते त्यात काय येते आणि त्यातून काय बाहेर पडत नाही, या दोन कारणांनी. खोदाईच्या वेळी मात्र या दोन्ही वाटांचा विचार शेवटी होतो, कित्येकदा होतही नाही. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यावर गावोगाव नवी तळी झाली, ही इष्टच गोष्ट होय. परंतु लांबी, रुंदी व खोली मोजून झाली म्हणजे काम पुरे झाले, ही समजूत शेतकऱ्याप्रमाणेच मोजमाप घेणाऱ्या कार्यकर्त्याचीही असते. खड्डा मोजला जातो. पाण्याची वाट कोणी पाहत नाही.

याची किंमत थोडी नाही. वरच्या बाजूस ३० मीटर लांब-रुंद, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. त्याच्या २४ मीटर लांब-रुंद तळावर केवळ १० सेंटिमीटर गाळ बसला, तरी सुमारे ५८ हजार लिटर पाण्याची जागा जाते. वैशाखात डाळिंबाची झाडे जगविताना हे पाणी किती मोलाचे असते, ते बागाईतदारास सांगावयास नको.

म्हणून ओहळाचे पाणी थेट तळ्यात घेऊ नये. प्रवेशद्वाराच्या अलीकडे साधारण २ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर खोल असा गाळखड्डा असावा. पाणी तेथे मंदावले की जड माती खाली बसते. खड्ड्याच्या वरच्या अंगास गवताचा पट्टा राखावा आणि गोठ्याचे पाणी मुळीच तिकडे वळू देऊ नये. मोठ्या पावसानंतर गाळखड्डा उपसला नाही, तर तो असून नसल्यासारखाच.

तळाच्या निचऱ्याविषयी मात्र फार गैरसमज आढळतो. तळे भरून सांडले म्हणजे धुऊन निघाले, असे मानले जाते. सांडते ते वरचे, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी. घाण खालीच राहते. पंपाचा फूटव्हॉल्व्हही चिखल येऊ नये म्हणून उंच टांगलेला असतो. बाहेरची जमीन तळापेक्षा खाली असेल, तर तळाला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार देऊन सर्वांत खोल जागी झडपेचा नळ बसवावा. नळाभोवतीची माती ओली करून थराथराने ठोकावी. नाहीतर नळाच्या कडेने पाझर सुरू होऊन बांधच फुटावयाचा. सपाट जमिनीत हा उपाय चालत नाही. तेथे अधूनमधून पंपाने तळाचेच पाणी ओढून केळीस किंवा नारळास द्यावे, त्यातील खत फुकट जात नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ काढताना फावडे मात्र लावू नये.

राहिला सांडवा. तो बांधाच्या माथ्यापेक्षा पुरेसा खाली व दगडांनी बांधलेला हवा, आणि तेथून निघालेले पाणी चर काढून नाल्यापर्यंत पोहोचविले पाहिजे. ते शेजाऱ्याच्या वावरात सोडल्याने गावात किती भांडणे होतात, हे सर्वश्रुत आहे! शिवाय सांडव्याखाली डबके साचले, तर आठ-दहा दिवसांत त्यातून डासांची नवी पिढी बाहेर पडते. तळ्यात गप्पी मासे सोडणाऱ्याचेही या डबक्याकडे लक्ष जात नाही.

ग्रामकार्यकर्त्याने तळ्याची पाहणी कोरड्या दिवशी फीत घेऊन करण्याबरोबरच वळवाच्या पहिल्या पावसातही एकदा करावी. छत्री घेऊन बांधावर अर्धा तास उभे राहिले, तर पाणी कोठून येते, काय घेऊन येते आणि कोठे अडते, हे शेतकऱ्यासमक्षच दिसून येईल. दोष दुरुस्त करावयासही तेव्हा पावसाळ्यापूर्वीचे काही दिवस हाती असतात.