पंप खोला, पण मोजून बंद करा

डिझेल गाडीच्या इंजेक्शन पंपाची दुरुस्ती हा आजवर मालक आणि मिस्त्री यांच्यातला खासगी व्यवहार मानला गेला आहे. सकाळी इंजिन पटकन चालू होते का, घाटात गाडी ओढते का आणि बिल किती झाले, एवढ्यावर तो मिटतो. मात्र पंपाने गरजेपेक्षा जास्त किंवा चुकीच्या क्षणी सोडलेले डिझेल नीट जळत नाही आणि त्याची काजळी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुफ्फुसात जाते. म्हणजे या व्यवहारात तिसरा पक्षही आहे. त्याला कोणी विचारत नाही, इतकेच. पंप फेकून न देता दुरुस्त करण्याचा हक्क स्वतंत्र वर्कशॉपना मिळालाच पाहिजे. पण टेस्ट बेंचवर मोजमाप करून त्याचा कागद हातात दिल्याशिवाय ती दुरुस्ती पुरी झाली, असे कोणीही मानू नये. हक्क आणि माप या दोन गोष्टी एकत्रच मागायला हव्यात.

ही मागणी पुण्यातून व्हावी, याला कारण आहे. खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स, आकुर्डीला बजाज टेम्पो, पिंपरीला टेल्को अशा कारखान्यांच्या डिझेल इंजिनांवर या शहराच्या कित्येक पिढ्या जगल्या. पंप प्रामुख्याने मिकोचे. ही कंपनी १९५१ साली बंगळूरला सुरू झाली, पुढे तिची नोझल नाशिकला बनू लागली आणि २००८ पासून ती बॉश या नावाने ओळखली जाते. नव्या वाहनांची कसोटी पाहून प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच आहे. थोडक्यात, इंजिन घडवणे आणि नवे असताना तपासणे, या दोन्हींची शिस्त इथे आहे. तेच इंजिन काही लाख किलोमीटर धावल्यावर त्याचा पंप खोलला जातो, तेव्हा मात्र त्या शिस्तीचा मागमूस उरत नाही.

पंपाच्या पोटात काय चालते हे पाहिले की मापाचा आग्रह का, ते लक्षात येते. जुन्या ट्रकच्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट असते, म्हणजे बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. दोघांमधली फट अवघ्या दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागणारी. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते. त्यामुळे एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात घातला की दोन्ही एलिमेंट वाया गेली. प्लंजरवर तिरकी खाच असते. रॅक सरकली की प्लंजर फिरतो आणि खाचेच्या जागेवरून किती डिझेल जायचे ते ठरते. जोडणी झाल्यावर सहा सिलिंडरच्या पंपात प्रत्येक एलिमेंटची सुरुवात आधीच्यापासून बरोबर ६० अंशांवर यावी लागते. ती टॅपेटच्या शिम किंवा स्क्रूने जुळवतात. मग बेंचवर ठरलेल्या वेगाला प्रत्येक लाइनचे डिझेल काचेच्या नळ्यांत घेऊन सहाही नळ्या सारख्या भरतात का ते बघतात आणि शेवटी गव्हर्नरची आयडल व कमाल वेगाची मर्यादा बसवून सील मारतात. यातली एकही पायरी नजरेने किंवा कानाने होणारी नाही. कसबी मिस्त्री आवाजावरून एखादा सिलिंडर मारत नाही हे ओळखेल. पण दोन लाइनींत दहा टक्क्यांचा फरक आहे हे त्याला नळीच सांगेल.

माप टाळण्याचे सर्वांत मोठे कारण आळस हे नाही, मागणी हे आहे. गाडी ओढत नाही अशी तक्रार आली की सील तोडून फुल लोडचा स्क्रू थोडा फिरवायचा, याला ‘डिझेल वाढवणे’ म्हणतात. पिकअप सुधारतो, मालक खूश होतो. हवा मात्र तेवढीच असल्याने जादा डिझेल काजळी होऊन बाहेर पडते, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि कालांतराने पिस्टनवर बेतते. पीयूसी या गोष्टीला आळा घालते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ती चाचणी गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून होते आणि धूर प्रकाशाला किती अडवतो एवढेच पाहते. बीएस-४ गाड्यांना १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांना २.४५ ही मर्यादा आहे. इंजिनावर भार नसतो, नायट्रोजनची ऑक्साइड मोजली जात नाहीत आणि दोष पंपात, नोझलमध्ये की चोंदलेल्या एअर फिल्टरमध्ये, याचा पत्ता लागत नाही. पीयूसी फार तर लक्षण दाखवते. कारण बेंचवरच कळते.

यावर पहिला आक्षेप उत्पादकांकडून येतो. आता कॉमन रेलचा जमाना आहे, दाब दोन हजार बारपर्यंत गेला आहे, प्रमाण आणि वेळ संगणक ठरवतो. तेव्हा बाहेरच्या वर्कशॉपने पंपाला हातच लावू नये, सरळ नवा बसवावा, असे ते म्हणतात. दाबाचा धोका खरा आहे. त्या दाबाची बारीक चिळकांडीसुद्धा कातडी भेदून आत शिरते. पण नवा पंप बसवला की प्रश्न सुटतो, हे खरे नाही. झिजलेल्या पंपाने सोडलेला धातूचा चुरा रेल, इंजेक्टर आणि परतीच्या लाइनीतून टाकीपर्यंत पोहोचतो. तो साफ न करता बसवलेला नवा पंपही त्याच चुऱ्याने खराब होतो. अनेक प्रणालींत नव्या इंजेक्टरचा संकेतांक संगणकात भरावा लागतो, आणि ते साधन नसेल तर चांगला सुटा भागही चुकीचे काम करतो. म्हणजे कॉमन रेलने कौशल्याची गरज वाढवली आहे. त्या कौशल्याला लागणारी चाचणीची मापे आणि निदानाची साधने कुलूपबंद ठेवायची आणि मग बाहेरचा मिस्त्री अडाणी आहे म्हणायचे, हा न्याय नव्हे.

भारतीय स्पर्धा आयोगाने हेच मत ऑगस्ट २०१४ मध्ये दिले. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना न मिळू दिल्याबद्दल आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. त्यांत टाटा, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, फियाट आणि जनरल मोटर्स होत्या. या सहाही जणांचे कारखाने तेव्हा पुण्याच्या परिसरात होते. सुरक्षिततेचा मुद्दा आयोगापुढेही मांडला गेला होता. त्यावर आयोगाचा मार्ग असा की, भाग आणि साधने खुली करा. हवे तर बाहेरच्या गॅरेजना प्रशिक्षण द्या आणि त्याचे रास्त शुल्क घ्या. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहने आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. दिशा योग्य आहे. पण त्या हक्काबरोबर मोजण्याचे बंधन आले नाही, तर स्क्रू फिरवणाऱ्यालाच मोकळे रान मिळेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. बेंच महाग असते, लहान गॅरेजला ते कसे परवडावे? प्रत्येक गॅरेजने बेंच घ्यावे असे कोणी म्हणत नाही. पंप उतरवणे आणि चढवणे गॅरेजने करावे, कॅलिब्रेशन बेंच असलेल्या वर्कशॉपने. ही विभागणी चांगल्या मिस्त्र्यांनी पूर्वीपासून पाळली आहे. ‘मेकॅनिक डिझेल’ शिकवणाऱ्या आयटीआयमधून अशी सामायिक बेंचे चालवली, तर मुलांना खरे काम मिळेल आणि गॅरेजला माप. तिसरा आक्षेप, डिझेल आता जाणारच, मग ही उठाठेव कशाला? छोट्या मोटारींतून ते ओसरते आहे, हे मान्य. पण मार्केट यार्डात येणारा ट्रक, ऊस ओढणारा ट्रॅक्टर, बोअरवेलची गाडी आणि गृहसंकुलांच्या तळघरातले जनरेटर उद्याच बंद होणार नाहीत. नव्या जनरेटरांना जुलै २०२३ पासून कडक निकष लागू झाले. जुने मात्र आहे त्याच पंपावर चालत आहेत. जी यंत्रे आणखी बरीच वर्षे राहणार आहेत, त्यांच्या धुराचा विचार आजच करायला हवा.

परिवहन विभागाने सुरुवात एका साध्या नियमाने करावी: धुरामुळे पीयूसीत नापास झालेल्या डिझेल वाहनाच्या फेरतपासणीसाठी पंपाचा व नोझलचा बेंच-अहवाल जोडावा. उत्पादकांनी विक्री थांबलेल्या मॉडेलांपासून सुरुवात करून चाचणीची मापे खुली करावीत. आणि वाहनमालकांनी तर सरकारची वाट पाहण्याचे कारणच नाही. पंपाचे काम करून घ्याल तेव्हा बिलाबरोबर प्रत्येक लाइनच्या मापाचा कागद मागा, सील शाबूत आहे का ते पाहा, आणि कागद मिळत नसेल तर दुसरे वर्कशॉप शोधा.